ऑन कॉलचा थकवा: ‘सवय होते’ हे कितपत खरं?

पहिल्या वर्षाच्या एका निवासी डॉक्टरचा प्रश्न आहे. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चोवीस तासांचा कॉल, म्हणजे सलग ड्युटी, असतो. त्यानंतरचा राउंड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि डिस्चार्जची कार्डं उरकेपर्यंत दुपार उलटते. पहाटे फोनवर दिलेल्या काही सूचना नंतर आठवतच नाहीत आणि एकदा घरी जाताना बाइकवर डुलकीही लागली. सिनियर म्हणतात, सहा महिन्यांत सवय होते. खरंच होते का? होत नसेल तर करायचं काय? कॉफीवर किती भिस्त ठेवावी, जागं राहायची एखादी गोळी घ्यावी का?

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन लांबलं की तासन्‌तास मॉनिटरकडे बघत जागं राहणं हेच आमचं काम. त्यामुळे झोपेशी आमचं नातं इतर शाखांपेक्षा जरा जास्त जवळचं आहे, दुसऱ्याच्या आणि स्वतःच्याही.

सिनियर खोटं बोलत नाहीत. सवय होते. पण ती होते झोप कमी पडल्याचं न जाणवण्याची. कामातली घसरण चालूच राहते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी माणसांच्या गटांना सलग १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं आणि त्यांचं लक्ष आणि स्मरण रोज तपासलं. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक खाली जात राहिली. शेवटी ती एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाइतकी खालावली. ‘झोप येतेय का?’ या प्रश्नाला मात्र पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची उत्तरं फारशी बदलली नाहीत. त्यांच्या मते ते रुळले होते.

माझं पुढचं सगळं उत्तर यावरच उभं आहे. आपण किती थकलोय हे ज्या मेंदूने सांगायचं, तोच थकलेला असतो. म्हणून पहाटे चारला मनाने दिलेला ‘आज ठीक वाटतंय, जमेल’ हा कौल धरायचा नाही. काय करायचं आणि काय टाळायचं हे कॉल सुरू होण्याआधी, डोकं ताजं असताना ठरवायचं. पहाटे नव्याने विचार करायचा नाही, ठरलेलं पाळायचं.

आता शरीरात काय होतं ते थोडक्यात. आपण जितके तास जागे, तितका मेंदूत ॲडेनोसिन या रसायनाचा साठा वाढतो आणि झोपेचा दाब चढत जातो. याच्या जोडीला शरीराचं घड्याळ असतं. ते साधारण पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान सगळं मंद करतं. ऑन कॉल माणसाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी त्याच वेळी एकत्र येतात. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये झालेल्या मोजमापात सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी भरली. चोवीस तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांइतकी खाली गेली. इतकं पिऊन कोणी वॉर्डात आलं असतं तर आपण त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

पुस्तकात याचा एक भाग नीट सांगितलेला नसतो, तो म्हणजे सकाळची खोटी तरतरी. सात-आठ वाजले की घड्याळाचा काटा वर चढू लागतो, उजेड येतो, राउंडला बॉस येतात आणि तुम्हाला वाटतं, झोप उडाली. झोपेचा दाब तसाच असतो, त्यावर फक्त झाकण बसलेलं असतं. राउंडचा ताण संपला, पोटात काही गेलं की दुपारी एक-दोनच्या सुमारास ते झाकण उडतं. नेमकी तीच तुमची घरी निघायची वेळ.

थकव्याने नेमकं कुठलं काम बिघडतं? बहुतेकांना वाटतं, रात्री दोनला आलेला हृदयक्रिया थांबलेला रुग्ण धोक्यात असतो. माझा अनुभव तसा नाही. तिथे ॲड्रेनालिन आपलं काम करतं, चार माणसं धावून येतात, पायऱ्या पाठ असतात. धोका असतो साडेचारच्या कंटाळवाण्या कामात. इन्सुलिनचा दर बदलणं, पोटॅशियमची ड्रिप लिहिणं, बाळाच्या वजनावरून डोस काढणं, दोन सारख्या आडनावांच्या रुग्णांपैकी योग्य कागद उचलणं. दशांशचिन्ह एक घर सरकतं ते इथे.

दुसरी बिघडणारी गोष्ट आणखी चोरपावलांनी येते, ती म्हणजे मत बदलण्याची क्षमता. थकलेला मेंदू आधी ठरवलेल्या निदानाला चिकटून बसतो. रात्री अकराला ‘पित्त झालंय’ म्हणून इंजेक्शन दिलं. दोनला सिस्टरचा फोन, पोट अजून दुखतंय. तुम्ही तेच इंजेक्शन पुन्हा सांगितलं. चारला फोन, नाडी १२० आहे. तुम्ही सलाईन वाढवायला सांगितलं. ताज्या डोक्याचा माणूस दुसऱ्या फोनलाच उठून गेला असता आणि हृदयाची शंका घेऊन ईसीजी काढला असता. म्हणून माझ्या युनिटमध्ये एक नियम आहे: एकाच रुग्णासाठी दुसऱ्यांदा फोन आला की फोनवर उत्तर नाही, उठून जायचं. रुग्ण बरा निघाला तर उत्तम, फार तर तुमची दहा मिनिटं गेली. हा नियम पाळायला हुशारी लागत नाही, म्हणूनच तो पहाटे चारला चालतो.

डोसचंही तसंच. काही औषधं अशी असतात की चूक झाली तर सुधारायला वेळ मिळत नाही: पोटॅशियम, इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपरिन, अफूवर्गीय वेदनाशामकं आणि लहान मुलांना शिरेतून द्यायचं जवळपास काहीही. मध्यरात्रीनंतर यांचा हिशेब मनात करायचा नाही, कागदावर करायचा आणि दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचा. तपासून घेणं म्हणजे ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारणं नव्हे. त्या प्रश्नाला समोरची दमलेली सिस्टर हो म्हणणारच. तिला वजन आणि औषध सांगा, तुमचं उत्तर झाका आणि तिला स्वतंत्रपणे आकडा काढू द्या. दोन्ही आकडे जुळले तरच औषध द्यायचं.

फोनवर दिलेल्या सूचना आठवत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्यात नवल नाही आणि तुमच्या स्मरणशक्तीत दोषही नाही. गाढ झोपेतून दचकून उठल्यावर मेंदूला पूर्ण चालू व्हायला साधारण पंधरा ते तीस मिनिटं लागतात, झोपेची थकबाकी असेल तर कधी त्याहून जास्त. २००६ मधल्या एका प्रयोगात उठल्या उठल्या पहिल्या काही मिनिटांतली आकडेमोड त्यानंतरच्या सलग २६ तासांच्या जागरणातल्या कुठल्याही क्षणापेक्षा वाईट निघाली. म्हणजे रात्रभर जागलेला सहकारी त्या पहिल्या मिनिटांत तुमच्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो. फोन आला की आधी उठून बसा, दिवा लावा, पाय जमिनीला टेकवा. रुग्णाचं नाव आणि बेड नंबर स्वतः मोठ्याने म्हणा. सूचना दिल्यावर सिस्टरला ती परत वाचून दाखवायला सांगा आणि उशाशी ठेवलेल्या वहीत वेळेसह दोन शब्द लिहा. आडवं पडून, डोळे मिटून दिलेली सूचना ही सूचना नाही, असं मी माझ्या निवासी डॉक्टरांना सांगतो. वॉर्डातल्या सिस्टरांनाही सांगून ठेवलंय की आवाज झोपेतला वाटला तर पाच मिनिटांनी पुन्हा फोन करा. त्या आनंदाने करतात, जरा जास्तच आनंदाने.

मग झोपावं की नाही? झोपावंच. उठल्यानंतरच्या जडपणाला घाबरून रात्रभर बसून राहणारे निवासी डॉक्टर मी पाहिलेत. हिशेब त्यांच्या बाजूचा नाही. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणादरम्यान, जोडीदार विमान सांभाळत असताना, ४० मिनिटांची ठरवून विश्रांती दिली. त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि उड्डाणाच्या शेवटच्या टप्प्यात न झोपलेल्यांपेक्षा सावध राहिले. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घेतली तर गाढ झोपेत शिरायच्या आत उठता येतं. हाताशी जास्त वेळ असेल तर सरळ दीड तास घ्या. पाऊण तासाची झोप सगळ्यात वाईट, कारण गजर नेमका गाढ झोपेत वाजतो.

ही डुलकी नशिबावर सोडू नका. संध्याकाळी हँडओव्हर (रुग्णांची माहिती पुढच्या डॉक्टरकडे सोपवणं) झाल्यावर सहकाऱ्याशी ठरवून घ्या: दीड ते तीन तू, तीन ते साडेचार मी. त्या दीड तासात दोघांचेही फोन एकाकडे. झोपणाऱ्याला फक्त ठरलेल्या कारणांसाठी उठवायचं आणि ती कारणं सिस्टरच्या टेबलावर लिहिलेली असली पाहिजेत. सगळेजण अर्धवट जागे राहण्यापेक्षा एक पूर्ण जागा आणि एक पूर्ण झोपलेला, हे रुग्णाच्या दृष्टीने केव्हाही चांगलं. अडचण वेळेची कमी आणि लाजेची जास्त असते. ‘मी झोपायला जातोय’ हे वाक्य अजूनही आपल्या पेशात दबक्या आवाजात म्हटलं जातं.

त्याहून फायद्याची झोप कॉलच्या आधीची. कॉल रात्रीचा असेल तर त्या दुपारी दीड-दोन तास अंधारात पडा. सकाळपासून चोवीस तास असतील तर आदल्या दोन रात्री लवकर झोपा. कॉलच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत प्रबंध लिहित बसणारा माणूस कॉल सुरू होण्याआधीच एक रात्र हरलेला असतो. कॉल संपल्यावर घरी जाऊन मात्र दिवसभर लोळत पडू नका. दुपारी दीड ते तीन तास झोपा, संध्याकाळी उठून उजेडात थोडं चाला आणि रात्री नेहमीपेक्षा लवकर झोपा. दिवसा आठ तास झोपलात तर रात्री दोनला टक्क जागे असाल आणि पुढचा दिवसही जाईल. सलग आठवडाभर नाइट असेल तर गणित वेगळं. तेव्हा सकाळी घरी पोचल्याबरोबर खोलीत अंधार करून मोठी झोप घ्यायची.

कॉफीबद्दल. कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवतं, साठा कमी करत नाही. असर जाणवायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये आणखी जास्त. दिवसभर कपामागून कप रिचवून रात्री दोनला उपयोग होत नाही. संध्याकाळपर्यंत हात आखडता ठेवा आणि मध्यरात्रीनंतर थोडं थोडं घ्या. डुलकीच्या आधी कप संपवला तर उठायच्या वेळी त्याचा असर सुरू होतो, ही युक्ती खरोखर चालते. पहाटे चारनंतर मात्र नको, नाहीतर दुपारची झोप गेली.

बाइकवरच्या डुलकीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. मला तोच सगळ्यात गंभीर वाटतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या २,७०० हून अधिक इंटर्नच्या पाहणीत चोवीस तास किंवा त्याहून लांब ड्युटीनंतर घरी जाताना अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त निघाली, आणि थोडक्यात वाचल्याचे प्रसंग जवळपास सहापट. डुलकी तीन सेकंदांची असते. ताशी ६० किलोमीटरने तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे जाते, चालवणाऱ्याशिवाय. गाणी, थंड वारा, स्वतःशी बोलणं यांनी ती थांबत नाही. डुलकी लागून गेलेल्याला बऱ्याचदा ती लागल्याचं कळतही नाही. तुम्हाला एकदा कळली, म्हणजे न कळलेल्या किती हे विचारू नका. कॉलनंतर बाइक चालवायची नाही, अपवाद नाही. कॉलच्या दिवशी येतानाच बाइक घरी ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी मनाशी वाद घालायची वेळच येणार नाही. काही कारणाने ती आणावीच लागली तर निघण्याआधी ड्युटी रूममध्ये झोपा, उठल्यावर अर्धा तास जाऊ द्या, तोंड धुवा आणि तरीही दुसऱ्या कोणाच्या मागे बसून जाता आलं तर तसंच जा.

आता ‘आम्ही छत्तीस-छत्तीस तास केले, त्यातूनच शिकलो’ या वाक्याबद्दल. त्यात थोडं खरं आहे. रुग्ण दाखल झाल्यापासून चोवीस तास त्याच्या आजाराची वाटचाल एकाच डोळ्यांनी पाहण्यातून जे कळतं ते आठ-आठ तासांच्या तुकड्यांत कळत नाही. पण शिकलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेत, याचा या वाक्यात कधी उल्लेख नसतो.

तासांवरचा वाद जुना आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला लिबी झायन नावाच्या १८ वर्षांच्या मुलीचा रुग्णालयात दाखल केल्यानंतर काही तासांत मृत्यू झाला. ती नैराश्यावर फेनेल्झिन हे औषध घेत होती, तिला पेथिडीन हे वेदनाशामक दिलं गेलं (ही दोन्ही एकत्र घातक ठरू शकतात) आणि तिची जबाबदारी ज्या शिकाऊ डॉक्टरांवर होती त्यांचे कामाचे तास आणि त्यांच्यावरची देखरेख हा जाहीर चर्चेचा विषय झाला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती अमेरिकेत सर्वत्र आली. युरोपात मर्यादा ४८ तासांची आहे. हार्वर्डच्या २००४ मधल्या अभ्यासात आयसीयूतल्या इंटर्नची लांब ड्युटी काढून टाकल्यावर फरक दिसला: जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३५.९ टक्के जास्त होत होत्या.

पण पुढचं चित्र इतकं सरळ नाही, आणि ते लपवणं बरोबर नाही. २०११ मध्ये अमेरिकेत पहिल्या वर्षासाठी १६ तासांची अट आली आणि २०१७ मध्ये ती मागे घेतली गेली. कारण मोठ्या चाचण्यांमध्ये लवचीक तासांनी रुग्णांचं नुकसान वाढल्याचं दिसलं नाही. त्या चाचण्यांतही आठवड्याची ८० तासांची सरासरी कायम होती, हे छत्तीस तासवाले सांगत नाहीत. २०२० मध्ये बालरुग्णांच्या आयसीयूंत झालेल्या अभ्यासात तर लांब ड्युटी काढल्यावर गंभीर चुका वाढल्या. खोलात गेल्यावर कळलं की नव्या वेळापत्रकात एकेका डॉक्टरकडे जास्त रुग्ण आले होते, सरासरी ६.७ ऐवजी ८.८. तो भार हिशेबात धरल्यावर फरक उरला नाही.

म्हणून वेळापत्रक करणाऱ्या विभागप्रमुखांनी हे वाचलं तर त्यांना माझं सांगणं असं: तास कापून माणसं तेवढीच ठेवलीत तर थकवा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. एका डॉक्टरमागे रुग्ण किती हे आधी मोजा. आणि तास कमी झाले की हँडओव्हर वाढतात, त्याकडे बघा. २०१४ मध्ये नऊ रुग्णालयांत हँडओव्हरची ठरीव पद्धत शिकवली गेली: रुग्ण किती गंभीर, थोडक्यात इतिहास, काय करायचं बाकी, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय, आणि शेवटी घेणाऱ्याने ते परत सांगायचं. चुका २३ टक्क्यांनी घटल्या. यातली ‘काय बिघडू शकतं’ ही पायरी थकलेला माणूस हमखास गाळतो, आणि पुढच्याला नेमकी तीच हवी असते.

तुमच्या हातात वेळापत्रक नाही, मला कल्पना आहे. पण सिनियरला काय आणि कसं विचारायचं हे हातात आहे. ‘मी फार थकलोय’ याला ‘आम्ही पण’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी एक नेमकी मागणी करा: ‘सर, मी काल सकाळपासून जागा आहे. ही सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) तुम्ही शेजारी असताना घालू का?’ किंवा ‘मॅडम, हा डोस एकदा स्वतः काढून बघाल का?’ याला नाही म्हणणारे सिनियर फार कमी. सुयाही लक्षात ठेवा. लांब ड्युटीत आणि रात्री स्वतःलाच चुकून सुई टोचली जाण्याचं प्रमाण वाढतं. पहाटे रक्त घेताना सुई टाकायचा डबा हाताच्या अंतरावर नसेल तर आधी तो आणा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण हे सांगायला हवं. थकवा आणि नैराश्य बाहेरून सारखे दिसतात. एक ढोबळ खूण आहे: सुट्टीच्या दोन दिवसांत चांगली झोप मिळाली की नुसता थकलेला माणूस पुन्हा चिडतो, हसतो, भूक लागली म्हणतो. झोप मिळूनही काही आवडेनासं झालं, पहाटे आपोआप जाग येऊन मन काळवंडू लागलं, किंवा ‘एखादा अपघात झाला तर सुटेन’ असं मनात आलं, तर ती झोपेची कमतरता नाही. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, स्वतःच्या रुग्णालयात संकोच वाटत असेल तर बाहेरच्या. इंटर्नशिपच्या वर्षात नैराश्याची लक्षणं कित्येक पटींनी वाढतात, हे अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं आहे.

राहिली गोळी. मोडाफिनिल किंवा तत्सम औषधं जागं ठेवतात, पण झोपेची भरपाई करत नाहीत. घेणाऱ्याला आपण ठणठणीत आहोत असा विश्वास मात्र देतात, आणि तुमची मूळ अडचण तोच विश्वास आहे. मोडाफिनिलचा असर बारा-पंधरा तास टिकतो, म्हणजे कॉलनंतरची झोपही जाते. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो, हे वॉर्डातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. ड्यूटी रूमच्या ड्रॉवरमधली, सहकाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नका. दिवसा झोप यावी म्हणून झोपेची गोळीही नको, विशेषतः संध्याकाळी पुन्हा कामावर जायचं असेल तर. आणि कॉल नसलेल्या आठवड्यात सात-आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, घोरण्याची तक्रार असेल, तर श्वास अडण्याचा विकार, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपणही कधीतरी रुग्ण असतो, हे निवासी डॉक्टरांच्या सहसा सगळ्यात शेवटी लक्षात येतं.